विद्युत्-वाहने, आंतरराज्य वीजव्यापार आणि कार्बन-उत्सर्जनाचे स्थलांतर

पेट्रोलवर किंवा डिझेलवर चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत इंधन जळण्याचे स्थळ आणि वाहन वापरले जाण्याचे स्थळ ही एकच असतात. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर चालणारी मोटार आपला कार्बन डायऑक्साइड लक्ष्मी रस्त्यावरच सोडते. तो कोणत्या शहराच्या वा राज्याच्या खात्यावर मांडावयाचा याविषयी वाद संभवत नाही. विद्युत्-वाहन ही दोन स्थळे एकमेकांपासून अलग करते. वाहन पुण्यात चालते, त्यासाठी कोळसा मात्र चंद्रपुरास, कोरब्यास किंवा सिंगरौलीस जळतो. आणि नेमका कोठे जळतो हे वाहनाच्या मालकाला तर नाहीच, पण पुष्कळदा वीज पुरविणाऱ्या कंपनीलाही सांगता येत नाही. राज्याराज्यांमधील विजेची देवघेव जसजशी वाढली तसतसा हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. प्रस्तुत लेखात त्याचे स्वरूप भारतीय वीजव्यवस्थेच्या, विशेषतः महाराष्ट्र, गोवा व दिल्ली यांच्या, उदाहरणांवरून स्पष्ट करण्याचा विचार आहे.

प्रारंभीच एक भेद ध्यानात घेणे अवश्य आहे. ‘उत्सर्जनाचे स्थलांतर’ या शब्दप्रयोगात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. कार्बन डायऑक्साइड वातावरणात दीर्घकाळ राहतो व सर्वत्र मिसळून जातो. तो मुंबईत सुटला काय आणि कोरब्यात सुटला काय, हवामानावरील त्याचा परिणाम सारखाच. त्याच्या स्थलांतराला महत्त्व येते ते वेगळ्या कारणांनी. एक तर उत्सर्जनाचे हिशेब राज्यवार व शहरवार ठेवले जातात व धोरणाचे यशापयश त्यांवरून ठरविले जाते. आणि दुसरे असे की, ज्या केंद्रातून वीज येते त्यावर उत्सर्जनाचे परिमाणच अवलंबून असते. याउलट कोळशाबरोबर येणारी राख, गंधकाची ऑक्साइडे आणि सूक्ष्म धूलिकण यांचा परिणाम मुख्यतः स्थानिक असतो. ती जेथे पडतात तेथील माणसांनाच त्यांचे फळ भोगावे लागते. पहिल्या प्रकारचे स्थलांतर हे बव्हंशी जमाखर्चाचे आहे, दुसरे प्रत्यक्ष आहे. या विषयावरील चर्चेत दोहोंची गल्लत वारंवार होते, म्हणून हा भेद येथे आधीच नोंदवून ठेवला.

तसे पाहता हे स्थलांतर नवे नाही. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत्-केंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना सह्याद्रीच्या पाण्याची वीज मिळू लागली. गिरणगावातील कोळशाच्या धुराला तेव्हापासून उतार पडला. त्याच व्यवस्थेच्या पुढील विस्तारासाठी मुळशीचे धरण बांधले गेले व त्या खोऱ्यातील गावांची जमीन पाण्याखाली गेली. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झालेला मुळशी सत्याग्रह हा, आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, शहराच्या ऊर्जेचा खर्च दुसऱ्या प्रदेशाच्या माथी येण्याविरुद्धचाच लढा होता. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धावली. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे स्वतःचे कोळशाचे वीजगृह उभारले, तेव्हा जो धूर इंजिनातून लोहमार्गाच्या कडेने पसरत होता तो एका ठिकाणी, चिमणीवाटे, निघू लागला. या स्थलांतराच्या दोन्ही टोकांमधील अंतर मात्र तेव्हा थोडे होते. वीजगृह आणि गाडी ही एकाच जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात होती, व कोणाच्या विजेवर कोण चालते हे उघड दिसत होते.

आजची स्थिती तशी राहिलेली नाही. २००३ च्या विद्युत् अधिनियमाने प्रेषणवाहिन्या सर्वांना खुल्या करण्याचे तत्त्व प्रस्थापित केले. २००६ साली उत्तरेचे जाळे पश्चिम, पूर्व व ईशान्य विभागांच्या जाळ्यांशी एका लयीत जोडले गेले. २००८ साली पहिला वीज-विनिमयबाजार सुरू झाला. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिण विभागही त्यात आला व सबंध देशाचे एकच समकालिक जाळे बनले. २०१९ पासून आंतरराज्य औष्णिक केंद्रांतील उत्पादनाची फेरवाटणी देशभरचा एकत्रित खर्च किमान होईल अशा रीतीने करण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि १ जून २०२० पासून तासाभराच्या अंतराने वीज घेण्या-विकण्याचा बाजारही उपलब्ध झाला. या प्रत्येक पायरीबरोबर वीज निर्माण करणारे स्थळ आणि वीज वापरणारे स्थळ यांच्यातील संबंध अधिकाधिक सैल होत गेला. विद्युत्-वाहनांचा प्रसार याच अवस्थेत होत आहे, ही गोष्ट त्यांच्या मूल्यमापनात बहुधा दुर्लक्षिली जाते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दादरला चार्जिंगला लावलेल्या मोटारीत शिरणारी वीज कोणाची? या प्रश्नाला तीन उत्तरे देता येतात, आणि तिन्ही आपापल्या परीने खरी आहेत.

पहिले उत्तर भौतिकशास्त्राचे. विद्युत्प्रवाह करारपत्रे वाचत नाही. तो ज्या मार्गाने अवरोध कमी त्या मार्गाने जातो. त्या दृष्टीने दादरची वीज मोठ्या प्रमाणावर तुर्भे येथील केंद्रातून, घाटातील जलविद्युत्-केंद्रांतून व पडघे, कळवा येथील उपकेंद्रांकडून येणाऱ्या वाहिन्यांतून येते असे म्हणता येईल. दुसरे उत्तर वकिलाचे किंवा हिशेबनिसाचे: ज्या केंद्राशी वितरण कंपनीने खरेदीचा करार केला त्या केंद्राची वीज. तिसरे उत्तर अर्थशास्त्रज्ञाचे आहे, व प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तेच निर्णायक आहे. ती मोटार चार्जिंगला लावल्यामुळे देशातील ज्या केंद्राचे उत्पादन त्या क्षणी वाढले, त्या केंद्राची ती वीज. मोटार लावली नसती तर काय झाले असते, याच्याशी तुलना केल्यावाचून वाहनामुळे होणारे उत्सर्जन ठरूच शकत नाही. सीमांत उपयोगितेचा विचार शिकविताना आपण जो धडा पहिल्या वर्गात देतो तोच येथेही लागू पडतो. सरासरी व सीमांत ही परिमाणे भिन्न असतात आणि निर्णयाला उपयोगी पडते ते सीमांत परिमाण.

या तिसऱ्या उत्तराचा एक अनपेक्षित परिणाम असा होतो की, खाणीच्या तोंडाशी असलेले केंद्र हे सीमांत केंद्र असेलच असे नाही. भारप्रेषण केंद्रे उत्पादनाची आज्ञा देतात ती बदलत्या खर्चाच्या चढत्या क्रमाने. कोरबा, विंध्याचल यांसारख्या केंद्रांना कोळसा जवळच मिळतो. त्यांची वीज स्वस्त पडते आणि म्हणून मागणी असो वा नसो, ती बहुतेक वेळ चालूच असतात. मागणी वाढली म्हणजे ज्यांना वर चढविले जाते ती केंद्रे पुष्कळदा खाणींपासून दूरची, रेल्वेने कोळसा आणविणारी, म्हणून महाग व काही बाबतीत जुनी असतात. महाराष्ट्रात भुसावळ, नाशिक वा परळी येथील केंद्रांचा या संदर्भात विचार करावा लागेल. ‘मुंबईची मोटार चंद्रपुरावर चालते’ हे वाक्य सभेत टाळ्या घेईल. विशिष्ट तासापुरते मात्र ते खोटेही असू शकेल. त्या तासाला ती मोटार भुसावळवर, किंवा राष्ट्रीय फेरवाटणीमुळे दुसऱ्याच राज्यातील एखाद्या अर्ध्या भारावर चालणाऱ्या संचावर चालत असेल.

तरीसुद्धा भूगोल अगदीच पुसला गेलेला नाही. देशाच्या नकाशावरील दोन एकदिश प्रवाहाच्या वाहिन्या पाहाव्यात. एक रिहांदहून दादरीस जाते: सिंगरौली कोळसाक्षेत्रातून दिल्लीच्या वेशीपर्यंत, सुमारे ८१५ किलोमीटर, क्षमता १,५०० मेगावॉट, बांधणी १९९० च्या दशकाच्या आरंभाची. दुसरी चंद्रपूरहून पडघ्यास येते: सुमारे ७५० किलोमीटर, क्षमता तीच १,५०० मेगावॉट, बांधणी त्याच दशकाच्या अखेरची. दोहोंचा दाब अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट. रचनेतील हे साम्य योगायोगाचे नाही. कोळसा रेल्वेने महानगराकडे आणावयाचा की तो खाणीजवळ जाळून वीज तारेने आणावयाची, या प्रश्नाला नियोजनकारांनी दोन्ही ठिकाणी एकच उत्तर दिले. महानगराचा औष्णिक भार दूरच्या एका जिल्ह्यात नेऊन ठेवण्याचा निर्णय विद्युत्-वाहने येण्याच्या कितीतरी आधी झालेला होता. वाहनांनी त्या तयार वाटेवर नवा भार घातला, इतकेच.

दिल्लीच्या उदाहरणात ही प्रक्रिया सर्वांत स्पष्ट दिसते. शहरातील कोळशाची केंद्रे एकामागून एक बंद झाली. शेवटचे बदरपूरचे केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद करण्यात आले. त्यानंतर शहराच्या हद्दीत राहिले ते मुख्यतः नैसर्गिक वायूवर चालणारे मर्यादित उत्पादन. ऑगस्ट २०२० मध्ये दिल्लीने विद्युत्-वाहनांचे धोरण जाहीर केले व २०२४ पर्यंत नव्या नोंदणीत त्यांचा वाटा पंचवीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. दिल्लीची हवा लक्षात घेता हे धोरण समर्थनीयच होते. हद्दीपुरता हिशेब मांडला असता मात्र पेट्रोल कमी झाल्याचे श्रेय दिल्लीच्या खात्यावर पडते आणि त्याजागी जळणारा कोळसा उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, हरियाणा यांच्या खात्यांवर जातो.

गोव्याचे उदाहरण याहून टोकाचे आहे. त्या राज्याचे स्वतःचे मोठे औष्णिक केंद्र नाही. कोरबा, विंध्याचल, तेलंगणातील रामगुंडम् अशा केंद्रीय केंद्रांतील वाट्यावर त्याची भिस्त आहे. परिणामी पणजीतील प्रत्येक स्कूटर पेट्रोलवरून विजेवर आली की गोव्याच्या हद्दीतील उत्सर्जन तेवढे घटते, आणि बदली उत्सर्जन जवळजवळ संपूर्णपणे हद्दीबाहेर होते. २०२० साली मोले येथील संरक्षित वनातून जाणाऱ्या उच्चदाब वाहिनीला गोव्यात तीव्र विरोध झाला, तो जंगलतोडीच्या मुद्द्यावर. त्या प्रकल्पाच्या नावात ‘तमनार’ हे छत्तीसगढमधील रायगढ जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यातील गाव आहे, ही बाब त्या वादात फारशी चर्चिली गेली नाही. वाहिनीचे एक टोक रानात खुपते म्हणून दिसते. दुसऱ्या टोकाशी काय जळते ते दिसत नाही.

आता परिमाणाचा विचार करू. केंद्रीय विद्युत् प्राधिकरण दरवर्षी देशाच्या जाळ्याचे उत्सर्जनांक प्रसिद्ध करते. २०२२–२३ व २०२३–२४ या वर्षांसाठी सरासरी अंक दर युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड असा येतो. देशाच्या उत्पादनात कोळशाचा वाटा या काळात तीन-चतुर्थांशाच्या आसपास होता, त्याचेच हे प्रतिबिंब. प्राधिकरण आणखी एक अंक देते: जल, अणु, सौर, पवन ही ‘चालवावीच लागणारी’ केंद्रे वगळून उरलेल्या, मागणीप्रमाणे कमीजास्त होणाऱ्या केंद्रांचा. तो १ किलोच्या अगदी जवळ आहे. विद्युत्-वाहनाला कोणता अंक लावावा यावर सर्व निष्कर्ष फिरतो. देशाचा एकच अंक वापरण्याऐवजी राज्यवार सरासरी घेतल्यास प्रमाद आणखी वाढतो, कारण मग हिमाचलातील मोटार जवळजवळ निष्कलंक व छत्तीसगढमधील मोटार अत्यंत दोषी ठरते. वास्तविक दोन्ही एकाच जाळ्यावर आहेत, व हिमाचलात न वापरलेले जलविद्युतेचे युनिट खाली मैदानात येऊन कोणत्यातरी कोळशाच्या युनिटला बाजूला सारू शकले असते.

एक साधे गणित मांडून पाहू. त्यातील गृहीते उघड आहेत. वाचकांनी ती बदलून स्वतः आकडेमोड करावी. लिटरला १५ किलोमीटर जाणारी पेट्रोल मोटार घेतली, तर एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघत असल्यामुळे किलोमीटरमागे १५३ ग्रॅम होतात. तेल काढणे, वाहून आणणे, शुद्ध करणे यांसाठी पाचवा हिस्सा वाढविल्यास सुमारे १८५ ग्रॅम. तशाच आकाराच्या विद्युत्-मोटारीला मीटरजवळ किलोमीटरमागे ०.१५ युनिट लागते असे धरू. प्रेषण-वितरणातील हानी सहावा हिस्सा धरल्यास केंद्रात ०.१८ युनिट निर्माण व्हावे लागते. सरासरी अंकाने याचे उत्सर्जन १३० ग्रॅम येते, आणि सीमांत कोळशाच्या अंकाने १८० ग्रॅम. म्हणजे पहिल्या हिशेबाने मोटारीने किलोमीटरमागे ५५ ग्रॅम वाचविले. दुसऱ्या हिशेबाने, खाणीतील व रेल्वेवरील उत्सर्जन सोडून दिले तरी, तिने वाचविले जेमतेम ५ ग्रॅम. कार्बनपुरते बोलावयाचे तर दुसऱ्या प्रसंगी तिने धूर फक्त हलविला.

दुचाकीचे गणित मात्र निराळे आहे, व भारताच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहे. लिटरला ४५ किलोमीटर जाणारी स्कूटर वरील रीतीनेच किलोमीटरमागे सुमारे ६१ ग्रॅम सोडते. विजेच्या स्कूटरला ०.०३ युनिट लागल्यास सरासरी अंकाने २६ व सीमांत कोळशाच्या अंकानेही फक्त ३६ ग्रॅम येतात. येथे स्थलांतराबरोबर खरी घटही आहे, मग वीज कोठूनही येवो. या कारणाने ‘विद्युत्-वाहने कार्बन वाचवितात काय’ असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कोणते वाहन, कोणत्या वाहनाच्या जागी, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, हे सांगितल्यावाचून उत्तर देता येत नाही. (बॅटरीच्या निर्मितीतील उत्सर्जन येथे जाणूनबुजून वगळले आहे, तेही एका देशातून दुसऱ्या देशात सरकते, पण वस्तूंच्या व्यापारातून, विजेच्या नव्हे.)

प्रहराचा मुद्दा विशेष विस्ताराने मांडण्याजोगा आहे. राजस्थान, गुजरात, कर्नाटक या राज्यांत गेल्या दशकात सौर उत्पादन इतके वाढले की, दुपारी विनिमयबाजारातील विजेचा भाव खाली येतो आणि सूर्यास्तानंतर तोच भाव पुष्कळदा नियामकाने घातलेल्या कमाल मर्यादेस जाऊन भिडतो. एकट्या भादला येथील सौर-उद्यानाची क्षमता २,२४५ मेगावॉट आहे. दुपारी औष्णिक संच किमान तांत्रिक भारावर, म्हणजे क्षमतेच्या ५५ टक्क्यांच्या आसपास, उतरविले जातात व संध्याकाळी पुन्हा वर चढविले जातात. ज्या दुपारी सौर वीज वापरावाचून सोडून द्यावी लागते, त्या दुपारी चार्जिंगला लावलेल्या मोटारीचे सीमांत उत्सर्जन शून्याच्या जवळ असते, आणि तिची ऊर्जा राजस्थानच्या वाळवंटातून आलेली असते. तीच मोटार रात्री नऊला लावली तर तिची ऊर्जा कोळशाची असते. येथे मधली एक अडचणही सांगावयास हवी. सौर वीज सोडून देण्याचे कारण पुष्कळदा एकंदर मागणीचा अभाव हे नसून, ती बाहेर नेणाऱ्या वाहिनीची क्षमता अपुरी असणे हे असते. अशा वेळी जोधपुरात दुपारी लावलेली मोटार सोडून दिलेली सौर वीज वापरते. नाशकात त्याच मिनिटास लावलेली मोटार मात्र, मधली वाहिनी भरलेली असल्यामुळे, कोळशाचीच वीज वाढवून घेते. जाळे एक असले तरी त्यातील वाटा अरुंद असतात, आणि त्या कोणत्या मिनिटास भरतात यावर उत्सर्जनाचे स्थळ ठरते.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. सीमांत केंद्राचा विचार अल्पकालीन आहे. वाहनांची मागणी कायमची वाढणार असेल तर तिच्यासाठी नवी क्षमता उभी राहील, आणि उत्सर्जन त्या नव्या क्षमतेच्या स्वरूपावरून ठरेल, असे आक्षेपक म्हणतात. हा युक्तिवाद तत्त्वतः बरोबर आहे. अलीकडच्या वर्षांत देशात भर पडलेल्या क्षमतेत सौर व पवन यांचाच भरणा अधिक आहे, हेही खरे. तथापि नवी क्षमता कोणत्या प्रकारची उभारावयाची हे मागणीच्या वेळेवर अवलंबून असते, ही गोष्ट आक्षेपक विसरतात. मागणी रात्रीची असेल तर तिच्यासाठी नियोजनकार साठवणुकीची व्यवस्था तरी करतील किंवा कोळशाचे नवे संच तरी उभारतील; नव्या औष्णिक संचांच्या योजना अद्याप संपलेल्या नाहीत. दीर्घकालीन विचार केल्याने प्रहराचा प्रश्न सुटत नाही. तो गुंतवणुकीच्या प्रश्नात रूपांतरित होतो. महाराष्ट्रात शेतीचे पंप सौर वाहिन्यांवर दिवसा चालविण्याची योजना राबविली जात आहे. त्यामुळे पंपांची रात्रीची मागणी दिवसाकडे सरकेल व रात्री काही औष्णिक क्षमता मोकळी होईल. ती मोकळी क्षमता शहरांतील वाहनांनी व्यापली, तर शेतीने वाचविलेला कोळसा शहरे जाळतील आणि राज्याच्या एकूण हिशेबात दोन्ही योजना यशस्वी म्हणून नोंदविल्या जातील!

हिशेबाच्या पद्धतीकडे येथे वळणे क्रमप्राप्त आहे. राष्ट्रांचे हिशेब हद्दीच्या तत्त्वावर असतात: जेथे जळाले तेथे नोंद. शहरांच्या हिशेबात बाहेरून घेतलेल्या विजेचे उत्सर्जन वेगळ्या वर्गात, परंतु शहराच्याच नावावर धरण्याची पद्धत आहे. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या हवामान कृती आराखड्यात ती अनुसरली आहे. त्यात २०१९ सालचे शहराचे उत्सर्जन सुमारे २.३४ कोटी टन दिले असून त्यातील सर्वांत मोठा वाटा इमारतींतील ऊर्जेचा, मुख्यतः विजेचा आहे. वाहतुकीचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा आहे. ही पद्धत हद्दीच्या पद्धतीपेक्षा निश्चित अधिक प्रामाणिक आहे. परंतु तीही सरासरी अंकावर उभी आहे. मुंबईच्या बसगाड्या विजेवर आल्याने वाहतुकीच्या रकान्यातून जेवढे वजा होते त्याहून कमी विजेच्या रकान्यात जमा होते. आणि हा फरक खरोखर वाचलेला कार्बन आहे की सरासरी व सीमांत अंकांमधील तफावत आहे, हे आराखडा वाचून कळत नाही.

परदेशांतील दोन प्रकरणे येथे उद्बोधक आहेत. अमेरिकेत युटा राज्यातील डेल्टा गावाजवळ १९८० च्या दशकात कोळशाचे मोठे केंद्र उभारण्यात आले ते प्रामुख्याने लॉस एंजेलिससाठी, आणि तेथून कॅलिफोर्नियापर्यंत एकदिश प्रवाहाची वाहिनी नेण्यात आली. चंद्रपूर–पडघे योजनेचे हे जणू जुळे भावंड. फरक असा की, कॅलिफोर्नियाने २००६ च्या कायद्यात आयात विजेचे उत्सर्जन आपल्याच खात्यावर धरण्याचे ठरविले, व २०१३ पासून आयात करणाऱ्यांना त्यासाठी उत्सर्जन-परवाने घेणे भाग पडले. जिचे मूळ सांगता येत नाही अशा विजेला युनिटमागे ०.४२८ किलो हा ठोक अंक लावण्यात आला. त्यातून लगेच एक नवी अडचण उद्भवली. शेजारच्या राज्यांतील पूर्वीपासूनच चालू असलेल्या जलविद्युत्-केंद्रांची वीज कॅलिफोर्नियाच्या नावे लिहून द्यावयाची आणि कोळशाची वीज शेजाऱ्यांच्या नावे, असा कागदोपत्री फेरबदल केल्यास हिशेबातील उत्सर्जन घटते, चिमण्या मात्र पूर्ववत् चालू राहतात. असा फेरबदल नियमांनी निषिद्ध केला आहे. तो शोधून सिद्ध करणे मात्र अत्यंत कठीण. आपल्याकडे ‘हरित’ वीज जादा दराने विकत घेण्याची सोय झाली आहे आणि चार्जिंग केंद्रांचे चालक तिचा अभिमानाने उल्लेख करतात. त्या पैशातून एखादे नवे सौर केंद्र उभे राहिले असेल तर तो अभिमान सार्थ आहे. आधीच चालू असलेल्या केंद्राची वीज केवळ एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे वळविली गेली असेल, तर कॅलिफोर्नियाचाच प्रकार येथेही होतो.

दुसरे प्रकरण नॉर्वेचे. २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ विजेच्या होत्या, आणि त्या देशाची बहुतेक सर्व वीज पाण्याची आहे. त्यामुळे नॉर्वेच्या मोटारी कार्बनमुक्त आहेत असे बेधडक लिहिले जाते. परंतु २०२१ साली नॉर्वेच्या समुद्राखालच्या दोन तारा, एक जर्मनीकडे व एक इंग्लंडकडे, प्रत्येकी १,४०० मेगावॉटच्या, सुरू झाल्या. धरणातील पाणी साठवून ठेवता येत असल्यामुळे ऑस्लोमध्ये खर्च झालेले युनिट म्हणजे पुढे केव्हातरी निर्यात होऊ न शकलेले युनिट होय; आणि त्याच्या अभावी जर्मनीत वा इंग्लंडात वायू किंवा कोळसा जळतो. तरीही युरोपात एक आधार आहे. तेथील वीजकेंद्रांवर २००५ पासून उत्सर्जनाची एकंदर मर्यादा आहे, आणि त्या योजनेत रस्त्यावरचे पेट्रोल मुळात समाविष्ट नव्हते. म्हणून पेट्रोलची मोटार विजेवर आली की उत्सर्जन अमर्याद क्षेत्रातून मर्यादित क्षेत्रात जाते, व मर्यादा जोवर पाळली जाते तोवर एकूण बेरीज वाढत नाही. भारतातील २०२३ च्या कार्बन-पत व्यापार योजनेत अशी निरपेक्ष मर्यादा नाही. तिची उद्दिष्टे उत्पादनाच्या एककामागील उत्सर्जनावर आधारलेली आहेत, आणि औष्णिक वीजकेंद्रे तिच्या पहिल्या उद्योगगटांत घेतलेली नाहीत. म्हणून युरोपातील निष्कर्ष उचलून आपल्याकडे लावणे गैर आहे. आपल्याकडे रस्त्यावरून चिमणीकडे गेलेले उत्सर्जन कोणत्याही छपराखाली जात नाही.

कार्बनचे एवढे विवेचन झाल्यावर राखेकडे व गंधकाकडे पाहिलेच पाहिजे, कारण माणसांच्या दृष्टीने स्थलांतराचा खरा अर्थ तेथे आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष निर्देशांक काढला तेव्हा ‘अतिगंभीर’ वर्गात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह अगदी वरच्या क्रमांकांत होते; सिंगरौलीही त्याच वर्गात होते. म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही एकदिश वाहिन्यांची उगमस्थाने एकाच यादीत आढळतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने औष्णिक केंद्रांच्या गंधक-उत्सर्जनावर मर्यादा घातल्या. त्यांची मुदत अनेकदा वाढविली गेली. आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य संचांना गंधक-निष्कासन यंत्रणा बसविण्यातून सूट देण्यात आली. यंत्रणा सक्तीची राहिली ती राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या किंवा दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटरांच्या आतील संचांना. अतिप्रदूषित क्षेत्रांतील संचांचा विचार प्रकरणशः व्हावयाचा आहे. या वर्गवारीमागील तर्क, जेथे माणसे अधिक तेथे बंधन अधिक, हा एकाकी पाहता समजण्यासारखा आहे. परंतु विद्युत्-वाहनांच्या धोरणाशेजारी तो ठेवला म्हणजे त्याचा परिणाम वेगळा दिसतो. महानगरातील वाहने आपला धूर ज्या संचांकडे पाठवितात, त्यांपैकी पुष्कळ संच महानगरापासून दूर असल्याच्या कारणानेच सक्तीतून सुटले आहेत.

याचा अर्थ विद्युत्-वाहने नकोत असा काढणे चूक होईल. महानगराच्या रस्त्यावर माणसाच्या नाकासमोर सुटणारा धूर आणि उंच चिमणीतून सुटणारा धूर यांचा आरोग्यावरील परिणाम सारखा नसतो. दाट वस्तीत पहिला अधिक घातक ठरतो, व तेवढ्यापुरता एकूण लाभ खराच आहे. मात्र तो लाभ ज्यांना होतो आणि भार ज्यांच्यावर पडतो ते लोक भिन्न आहेत. लाभाची एकूण बेरीज धन येते म्हणून वाटणीचा प्रश्न उरत नाही, असे कल्याणकारी अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने म्हणू नये. भरपाई शक्य आहे एवढ्याने ती दिली गेली असे होत नाही.

संशोधनाच्या दृष्टीने या विषयात पुष्कळ काम पडून आहे. भारप्रेषण केंद्रे दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग करून वीजकेंद्रांची वेळापत्रके ठरवितात. विनिमयबाजाराचे भावही त्याच भागांनुसार प्रसिद्ध होतात. वाहनांची नोंदणी परिवहन कार्यालयांगणिक उपलब्ध आहे. या तिहींची सांगड घालून, उदाहरणार्थ पुणे जिल्ह्यात रात्री नऊ ते बारा या वेळेत मागणी वाढल्यास कोणत्या केंद्रांचे उत्पादन प्रत्यक्ष वाढते, याचा सांख्यिकीय अंदाज बांधणे एखाद्या एम.ए.च्या प्रबंधालाही अशक्य नाही. विशेष काळजी घ्यावयाची ती ही की, मागणी व उत्पादन यांचा केवळ सहसंबंध मोजून भागत नाही. सौर उत्पादन, हवामान व आठवड्याचा वार यांचे परिणाम वेगळे काढावे लागतात. राज्याच्या सीमेवर थांबणारा अभ्यासही येथे कुचकामाचा ठरेल, कारण पुण्याने वाढविलेली मागणी पुरविणारा संच महाराष्ट्रात असेलच असे नाही.

वीजदरांच्या बाजूने आरंभ झाला आहे. २०२३ च्या नियमांनी सौर प्रहरांतील दर सर्वसाधारण दराहून किमान वीस टक्क्यांनी कमी व कमाल मागणीच्या वेळी अधिक ठेवण्याची दिशा घालून दिली. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सार्वजनिक चार्जिंग केंद्रांच्या विजेबाबत तसाच भेद केला. पण मध्यमवर्गीय गृहस्थाची मोटार दुपारी असते कचेरीच्या आवारात, आणि तेथे चार्जिंगची सोय बहुधा नसते. ती रात्री असते घरी, जेथे ती सोय असते. बससेवेचे तर उलटेच आहे: बस दुपारी रस्त्यावर असलीच पाहिजे व आगारात ती रात्रीच येणार. रिक्षा व सामान पोचविणाऱ्या दुचाकी यांची बॅटरी बदलून घेण्याची केंद्रे मात्र दुपारी बॅटऱ्या भरून ठेवू शकतात आणि संध्याकाळी देऊ शकतात. दरांतील सवलतीचा लाभ सर्वांत आधी हीच केंद्रे घेतील असे दिसते.